पद्माक्काचे तीस

पद्माक्का पहिल्यांदा दिसली तेव्हा मी तिला शिव्या घालत होते. मनातल्या मनात आणि मराठीत. मोठ्यानं घालायचं काम रिक्षावाला करत होता, कन्नडात.

नोकरीचा पहिला दिवस, बेंगळुरूतल्या मल्लेश्वरमचा झाडांचा रस्ता, मला आधीच उशीर झालेला, आणि रिक्षाच्या पुढे एक राखाडी स्कूटर. तिच्यावर जरीकाठी साडी, हेल्मेटच्या खालून लोंबणारा मोगऱ्याचा गजरा आणि वरातीतल्या घोड्यावर बसावं तशी ताठ पाठ. स्कूटर रस्त्याच्या मधोमध, तीसच्या वेगानं. आमच्या मागे गाड्यांची ही रांग, सगळे हॉर्नवर हात ठेवून. "स्वल्प बेगा होगम्मा!" रिक्षावाला डोकं बाहेर काढून ओरडला. 'जरा लवकर चला की बाई' एवढं कन्नड मला पहिल्या दिवशीच समजलं. बाईंनी मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. फक्त डावा हात उचलला आणि तळवा दोनदा खाली दाबला, रडणाऱ्या पोराला थोपटावं तसा.

मी ऑफिसात पोचले, साहेबांची बोलणी खाल्ली आणि माझ्या टेबलाशी गेले. शेजारच्या टेबलावर तीच साडी, तोच गजरा. हेल्मेट बाजूला ठेवून बाई आरशात बघून केस सारखे करत होत्या.

"सांगलीची ना गं तू? वैशाली? बैस, बैस. मी पद्मा. सगळे अक्का म्हणतात, तूही म्हण." आणि तिनं स्वतःचा डबा माझ्यापुढे सरकवला. तोंडावर मी तिला कायम 'अक्का, तुम्ही' म्हटलं. मनात मात्र ती त्या सकाळपासून 'ती'च होती. आता मनातलंच लिहायचंय, तर 'ती'च लिहिते.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. मला पद्माक्काचा हेवा वाटायचा. थोडाथोडका नाही, अंगाचा तिळपापड व्हायचा. लोक म्हणतात, वय वाढलं की हे सगळं निवत जातं. माझं निवलं नाही. आत्ता लिहितानाही पोटात दुखतंच आहे. तरी लिहितेय, कारण तिच्याइतकं टक लावून मी दुसऱ्या कुणाकडे पाहिलेलं नाही, माझ्या नवऱ्याकडेसुद्धा नाही.

आमचं काम वेगमर्यादा सुचवण्याचं. लोकांना वाटतं, रस्त्याकडेच्या लाल गोलातला तो आकडा कुणीतरी साहेब सकाळी चहा पिता पिता ठरवतो. तसं नसतं हो. कुठल्या गाडीनं कुठल्या प्रकारच्या रस्त्यावर जास्तीत जास्त किती धावायचं, ती वरची हद्द केंद्र सरकार घालून देतं. तिच्या खाली कुठं उतरायचं, शाळेपाशी, बाजारात, अवघड वळणावर, ते राज्यानं नेमलेले अधिकारी ठरवतात, आणि ठरवण्याआधी आमच्यासारख्या खाजगी ऑफिसाकडून मोजणी करून घेतात. मग आम्ही जायचं, रस्त्याच्या कडेला ठाण मांडायचं आणि मोकळ्या धावणाऱ्या गाड्यांवर स्पीड गन धरायची. शंभरातल्या पंच्याऐंशी गाड्या ज्या वेगाच्या आत असतात तो वेग काढायचा आणि मर्यादा त्याच्या आसपास सुचवायची. बहुतेक माणसं शहाणी असतात असं धरून चालायचं आणि उरलेल्यांना पोलिसांच्या हवाली करायचं, असा त्यातला हिशेब. मग सरकारी आदेश निघतो, मग फलक लागतो. फलकच नसेल तर पोलिसांचं चलान टिकत नाही, म्हणून फलकाला मान.

आणि त्या फलकावर आपला आकडा लागणं हे आमच्या धंद्यातलं खरं सुख. नाव कुठं नसतं, पण आपल्याला माहीत असतं. नवऱ्याबरोबर गाडीतून जाताना सहज म्हणता येतं, "हा माझा." पद्माक्काचे आकडे शहरभर उभे होते. शाळांपुढे, दवाखान्यांपुढे, देवळांच्या गल्ल्यांत. सगळे तीस. ऑफिसात त्यांना नावच पडलं होतं, 'पद्माक्काचे तीस'. माझा एकही नव्हता. माझ्या फायली वर जायच्या आणि आकडा बदलून खाली यायच्या. मला या शहरात माझा एक आकडा उभा राहिलेला बघायचा होता. एकच. यापलीकडे नोकरीकडून माझं काही मागणं नव्हतं.

तिचं घराणं इथलं, पार जुनं. "आमचे मागले लोक घोडे दौडवत आले गं, तुमच्या त्या बाजूनं. इथं बैसले ते बैसलेच. आता कशाला घाई?" हे ती प्रत्येक नव्या माणसाला सांगायची आणि प्रत्येक नवा माणूस हसायचा. तिचं मराठी मला सुरुवातीला भयंकर वाटलं. 'आय्यो' तर दर वाक्याला. बरं म्हणायचं तर 'सरी'. जेवलीस का, तर "ऊट झालं काय गं?" मी सांगलीचं खणखणीत मराठी बोलायची आणि त्याचं या शहरात कुणाला काही पडलेलं नव्हतं. तिच्या त्या खिचडीनं मात्र सगळी दारं उघडत. भाजीवाली तिला आतली कोवळी भेंडी काढून द्यायची. वॉचमन तिच्यासाठी उठून उभा राहायचा. कँटीनमधून तिला न मागता कडक फिल्टर कॉफी यायची, आणि माझी यायची तेव्हा तिच्यावर साय धरलेली असायची. एवढ्याशा गोष्टी! पण रोज बघितल्या की डोळ्यांत खुपतात.

बरं, ती साधीभोळी होती म्हणावं, तर तेही नाही. चांगली भाव खायची. मोजणीला सुद्धा रेशमी साडी. "रस्त्यावर उभं राहायचं तर रस्त्याला वाटलं पाहिजे, कोणी आलंय," म्हणायची. उन्हात घडीची खुर्ची टाकून, छत्री उघडून, मांडीवर गन घेऊन बसायची, आणि मी तिच्यामागे ट्रायपॉड सांभाळत घामाघूम.

तिच्या मराठीतल्या एका शब्दानं मात्र माझी पार शोभा केली. नोकरीला लागून थोडेच दिवस झाले होते. मारतहळ्ळीच्या बाजूला रिंगरोडवर मोजणी होती. आमचं घर तिथंच, म्हणून मी नवऱ्याची गाडी घेऊन थेट जाणार होते. पद्माक्का आधीच पोचली होती. तिचा फोन आला. "निघालीस काय गं? निधान ये."

आता सांगलीच्या कानाला हे कसं ऐकू येईल? 'निदान ये.' म्हणजे, बाई गं, काम तर तुझ्याच्यानं होत नाही, निदान ये तरी! माझी तळपायाची आग मस्तकात गेली. "येते की! न यायला काय झालं मला?" म्हणून मी फोन ठेवला आणि गाडी अशी हाणली, अशी हाणली की विचारू नका.

झाडाआडून एक पोलीस रस्त्यात आला आणि त्यानं हात आडवा केला. हेड कॉन्स्टेबल बसवराज. हातात स्पीड गन. आणि त्याच्या शेजारी, घडीच्या खुर्चीवर, छत्रीखाली, पद्माक्का.

"आय्यो वैशू!" ती ताडकन उठली. "मी तुला निधान ये म्हटलं की गं!"

"म्हणून तर आले!"

"निधान असं येतात?"

"निदान आले तरी!"

बसवराजला मराठीचा गंध नव्हता. तो बिचारा आमच्या तोंडांकडे आळीपाळीनं बघत राहिला. बऱ्याच वेळानं उलगडा झाला. कन्नडात निधान म्हणजे सावकाश. तिच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कुणी बाहेर निघालं की 'निधान जा', 'निधान ये'. आमचं 'निदान' तिला ठाऊकच नव्हतं. समजल्यावर ती हसून हसून पुन्हा खुर्चीत बसली. मीही हसले असते, पण बसवराजच्या हातातली गन माझ्याकडेच होती.

"अक्का, सांगा की त्यांना, मी आपल्या ऑफिसची आहे म्हणून," मी हळूच म्हटलं.

"सांगते की." ती त्याच्याशी कन्नडात काहीतरी बोलली. त्यानं गंभीरपणे मान डोलावली आणि बटण दाबलं.

"काय सांगितलंत?"

"आमच्याच ऑफिसची आहे, आधी हिचं करा म्हटलं. अष्टे." अष्टे म्हणजे बस्स, एवढंच. तिच्याकडे कुठल्याही वादाचा शेवट याच शब्दानं व्हायचा. चलान मोबाइलवर गेलं, गाडीच्या फोटोसकट. तेही माझ्या नाही, नवऱ्याच्या, कारण गाडी त्याच्या नावावर. संध्याकाळी घरी गेले तर तो दारातच फोन हातात घेऊन उभा. चलानाचं मला काही वाटलं नाही, चूक माझीच होती. पण बसवराजनं ती गोष्ट सगळ्या ट्रॅफिक पोलिसांत पसरवली, आणि त्या गोष्टीत अक्का किती कडक, किती न्यायाची! माझं काम त्यात फक्त पकडलं जायचं.

पण सगळ्यात जास्त झोंबलं ते घरातलं. माझी मुलगी ईरा कॉलेजला जायला लागली आणि स्कूटर शिकायची म्हणाली. आई वाहतुकीची इंजिनीअर, तर आईनंच शिकवायला नको का? मी तिला सोसायटीच्या पार्किंगमध्ये घेऊन गेले. दोघीही रडत वर आलो. नवरा म्हणाला, "तुमच्या त्या अक्कांना विचार ना." मी नाही विचारलं. ईरानंच विचारलं. मग दर रविवारी सकाळी माझी मुलगी मेट्रोनं मल्लेश्वरमला जायला लागली, आणि दुपारी डोसा खाऊन, केसांत गजरा माळून परत यायला लागली.

"अक्का म्हणते, पुढच्या गाडीकडे बघू नको. तिच्या पुढच्या गाडीकडे बघ."

"अगं, मी तेच सांगत होते की तुला!"

"तू सांगत नव्हतीस, आई. तू ओरडत होतीस."

वर आमच्या घरात 'आय्यो' सुरू झालं. भाजीत मीठ जास्त पडलं की 'आय्यो', चावी सापडली नाही की 'आय्यो'. लायसन्स मिळाल्यावर पोरगी स्कूटर चालवायला लागली तीही तीसनं, मधोमध, पाठ ताठ करून. मी तिच्या मागे गाडीत होते. माझ्या पोटची पोर आणि चालवणं पद्माक्काचं! त्या दिवशी मी घरी येऊन उगाचच भांडी आपटली.

आणि मग पीण्याचा रस्ता आला.

पीण्या म्हणजे कारखानेच कारखाने. लेथ, प्रेस, पॅकिंग, शिवणकाम. त्यातला हा रस्ता सरळ, रुंद, गुळगुळीत. एका बाजूला कारखान्यांची फाटकं, दुसऱ्या बाजूला बसथांबा. पाळी सुटली की माणसांचा लोंढा रस्ता ओलांडायचा, बायका जास्त. अपघात होत होते म्हणून मर्यादा ठरवायचं काम आमच्याकडे आलं, आणि साहेबांनी फाईल माझ्या टेबलावर ठेवली. माझ्या! मी जीव ओतला. मोजणी केली. बहुतेक गाड्या साठच्या आत-बाहेर. मी पन्नास सुचवले. पण फाईल शेजारच्या, पद्माक्काच्या टेबलावरून गेल्याशिवाय पुढे जात नसे.

पद्माक्कानं पानं उलटली. "मोटारींना विचारलंस. छान विचारलंस. चालणाऱ्यांना कोण विचारणार गं?"

"पद्धत मोटारींचीच आहे, अक्का."

"पन्नासनं गाडी लागली तर माणूस उठतो काय? तीस घाल. अष्टे."

या वेळी मी गप्प बसले नाही. "तीस घालाल, पण पाळणार कोण? रस्ता एवढा मोकळा. रस्ता म्हणतो साठ, फलक म्हणतो तीस. माणूस रस्त्याचं ऐकतो. पोलीस किती जणांना धरतील? न पाळला जाणारा फलक लावला की पाळल्या जाणाऱ्या फलकांचीही किंमत जाते." मी खरंच चांगलं बोलले. साहेबांनाही पटल्यासारखं दिसलं. ते म्हणाले, दोघीही बैठकीला चला, अधिकारी काय ते ठरवतील.

बैठकीत मी आधी बोलले. तक्ते दाखवले, आलेख दाखवले. सगळे घड्याळाकडे बघत होते. मग पद्माक्का उठली, आणि गोष्ट सांगायला लागली. एका कारखान्याच्या आवारात 'निधानवागि चलिसि', म्हणजे सावकाश चालवा, असा फलक रंगवायचा होता. रंगाऱ्यानं एक काना गाळला. निधानचं झालं निधन. 'निधनवागि चलिसि.' मरून चालवा! "आणि सांगते," ती म्हणाली, "अख्ख्या बेंगळुरूत एवढा पाळला जाणारा फलक दुसरा नव्हता. वाचायला म्हणून जो तो ब्रेक दाबायचा." अधिकारी खोखो हसले. कुणीतरी कॉफी मागवली. मग ती एकदम गंभीर झाली. "पीण्याच्या रस्त्यावर फलक नाही, तरी तेच लिहिलंय, मरून चालवा. मला तिथं तो काना घालायचाय." तीस मंजूर झाले. मी माझे तक्ते गुंडाळले. येताना गाडीत तिनं मला चिक्कीचा तुकडा दिला आणि मी तो पर्समध्ये टाकला, खाल्ला नाही.

फलक लागले. पुढे काय झालं? मी म्हटलं होतं तेच. पहिल्या दिवशी बसवराज गन घेऊन कडुलिंबाखाली उभा राहिला, धडाधड चलानं झाली. दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांना ते झाड माहीत झालं. झाड आलं की ब्रेक, झाड गेलं की पुन्हा साठ. बसवराजच वैतागून म्हणाला, हे तीस झाडापुरतेच आहेत. आणि मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? मी मुद्दाम वाट वाकडी करून तो रस्ता बघून यायची. पद्माक्काचे तीस, आणि त्यांना कुणी हिंग लावून विचारत नाही! माझी कॉफी त्या दिवसांत मला गोड लागायची.

मग एका संध्याकाळी बस धरायला धावणाऱ्या एका बाईला गाडीनं उडवलं. वाचली, पण पाय मोडला. पद्माक्का दवाखान्यात जाऊन तिला भेटून आली. दुसऱ्या दिवशी ती ऑफिसात आली तेव्हा केसांत गजरा नव्हता. सगळ्यांसमोर माझ्या टेबलापुढे उभी राहिली.

"तू म्हटलंस तेच खरं होतं. रस्ताच साठ म्हणतो, माझं तीस कोण ऐकतो? मी हट्ट केला. आता तू सांग, काय करायचं."

किती दिवस मी याच क्षणाची वाट बघत होते! आणि आला तेव्हा घशाखाली उतरेना. मी तिच्या जागी असते तर चार कारणं सांगितली असती, पोलिसांवर ढकललं असतं, रस्त्यावर ढकललं असतं. ही सरळ येऊन उभी राहिली. हरायचं कसं तेसुद्धा हिलाच माझ्यापेक्षा चांगलं येत होतं. मला त्याचाही हेवा वाटला.

मी कागद पुढे ओढला. "रस्त्यालाच हळू बोलायला लावायचं," मी म्हटलं, आणि काढून दाखवलं. लेन अरुंद करायच्या. मधे थांबायला कट्टा, म्हणजे एका दमात सगळा रस्ता पळावा लागणार नाही. आणि ओलांडायची जागा फुटपाथइतकी उंच, म्हणजे माणसानं खाली उतरायचं नाही, गाडीनं वर चढायचं. ती माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती. "आय्यो, किती छान काढतेस गं," म्हणाली. ती या टेबलावरून त्या टेबलावर, या ऑफिसातून त्या ऑफिसात ते कागद घेऊन फिरली आणि तिनं ते काम करवून आणलं. मी फिरले असते तर अजून फिरत असते, हेही मला माहीत आहे.

काम झाल्यावर आम्ही पुन्हा मोजणी केली. दोघी एका छत्रीखाली. बहुतेक गाड्या आता चाळिसाच्या आत.

"चाळीस," मी म्हटलं.

"स्वल्प कमी कर की. तीस."

"नाही, अक्का. चाळीस. पाळले जाणारे चाळीस."

तिनं छत्री थोडी माझ्या बाजूला कलती केली. मग हसली. "सरी. चाळीस. अष्टे." आणि 'अष्टे' या वेळी माझ्या बाजूनं पडलं.

चाळीसचा फलक लागला. माझा आकडा! मी नवऱ्याला घेऊन गेले, ईराला घेऊन गेले, फलकाखाली उभी राहून फोटो काढला. त्यानंतर त्या जागी तसा अपघात झाल्याचं आमच्या कानावर आलं नाही. बायका हात न दाखवता ओलांडत होत्या आणि गाड्या थांबत होत्या. मला अगदी भरून आलं. तेवढ्यात बाजूला एक रिक्षा थांबली आणि आतली बाई उतरता उतरता फोनवर कुणाला तरी सांगत होती, "अक्का हंपपाशी आलेय."

अक्का हंप! सगळं पीण्या त्या उंच पट्ट्याला अक्का हंप म्हणत होतं. फिरली ती होती ना सगळीकडे, लोकांनी तिलाच बघितलं होतं. आकडा माझा, आणि नाव तिचं. बरं, तिनं ते ढापलं म्हणावं, तर ती ज्याला त्याला सांगत सुटलेली. बैठकीत उभी राहून म्हणाली, "रस्ताही वैशालीचा, आकडाही वैशालीचाच. मी नुसती फिरले." त्यावर मोठे अधिकारी काय म्हणाले? "अक्का, तुमचं मन फार मोठं." घ्या! तिनं श्रेय मला दिलं की तीच अजून मोठी व्हायची. याच्यावर माझ्याकडे काही इलाज नव्हता.

मग ती निवृत्त झाली. मुलगी धारवाडला असते, तिच्याकडे राहायला जाणार होती, त्याच रात्रीच्या गाडीनं. स्कूटर कुणाला? ईराला, अर्थातच. निरोपाच्या समारंभात माणसं रडली. वॉचमनसुद्धा रडला. मी रडले नाही, मला राग आला होता. जाते म्हणजे काय? आता मी बघायचं कुणाकडे?

समारंभ संपल्यावर ती म्हणाली, "चल गं, जाता जाता तुझा रस्ता बघून येऊ." 'तुझा रस्ता' असं म्हणणारी ती या शहरातली एकटीच. ती स्कूटरवर, मागे ईरा, दोघींची हेल्मेटं, दोघींचे गजरे. मागून मी गाडीत. पीण्याच्या त्या रस्त्याला लागलो तेव्हा पाळी सुटायची वेळ. माझा फलक आला. चाळीस. आणि बाई चालल्या होत्या तीसनं! मधोमध, पाठ ताठ. माझ्या चाळीसच्या रस्त्यावर हिचे तीस! माझ्या मागे रांग लागली, हॉर्न सुरू झाले. जो तो तिला ओलांडून पुढे जात होता, आणि ओलांडताना बघून, ओळखून, हात करत होता. माझ्या फलकाकडे एकजण बघत असेल तर शपथ.

उंच पट्ट्यापाशी ती थांबली. बायका ओलांडत होत्या. एकीनं तिच्या दंडाला हात लावला, दोन शब्द बोलली. मग वाट मोकळी झाली. निघता निघता पद्माक्का मागे वळली, हेल्मेटची काच वर केली आणि माझ्याकडे बघून काहीतरी ओरडली. हॉर्नच्या गदारोळात मला एकच शब्द ऐकू आला. निधान. इतक्या वर्षांत तो शब्द माझ्या चांगला अंगवळणी पडला होता. निधान ये, म्हणाली असणार. मी ब्रेकवर पाय ठेवला. बायकांचा पुढचा घोळका आला, मी त्यांना जाऊ दिलं.

समोर स्कूटर पुढे चालली होती. मी बघत होते आणि मला काही कळेना. इतकी वर्षं गाड्या मोजल्यावर गनची गरज लागत नाही, वेग डोळ्यांनी कळतो. पस्तीस. मग चाळीस. बरोबर चाळीस, एक कमी नाही, एक जास्त नाही. मी पद्माक्काला तीसच्या वर कधी, कधीही बघितलं नव्हतं. गजरा मागे उडत होता, ईरानं तिची कंबर घट्ट धरली होती. वळणावर एकदा साडीची जर चमकली आणि ती दिसेनाशी झाली.

पट्टा ओलांडून मी गाडी कडेला घेतली. येतील परत, म्हणून थांबून राहिले. थोड्या वेळानं ईराचा फोन आला.

"आई, कुठं राहिलीस? मी मेट्रो स्टेशनखाली उभी आहे. अक्का गेली. धारवाडच्या गाडीला उशीर होत होता तिला."

"गेली? अगं, पण तीच मला निधान ये म्हणाली ना!"

"निधान नाही गं आई." ईरानं मला थांबवलं. "'निदान' म्हणाली. 'निदान आज तरी तुझ्या आकड्यानं जाते.' आधी दोनदा बोलून बघितलं तिनं माझ्यापाशी, बरोबर यावं म्हणून."

मी फोन ठेवला. माझा शब्द ती घेऊन गेली होती, आणि तिच्या शब्दाला मान देऊन मी मागे थांबले होते. माझ्याच रस्त्यावर, माझ्याच आकड्यानं, ती माझ्या पुढे निघून गेली. तेव्हा मी रडले, चांगली हुंदके देऊन रडले, आणि रडतानाही मला तिचा रागच येत होता.

मग डोळे पुसून गाडी सुरू केली आणि निघाले. काटा तीसवर होता. मागे लगेच हॉर्न सुरू झाले, कुणीतरी कन्नडात शिवीही दिली. मी वळून बघितलं नाही. खिडकीतून उजवा हात बाहेर काढला आणि तळवा दोनदा खाली दाबला. पण तिच्यासारखं नाही जमलं.